काटा उडत होता त्या वर्षी

बाबा, मोटारीतला काटा उडतो म्हणून माणूस ताटावरून उठतं का, असं आई तुम्हाला विचारायची. तुम्ही अर्धी भाकरी तशीच ठेवून हात धुवायचात आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडून पुन्हा आत बघत राहायचात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमची पाठ दिसायची, पांढऱ्या सदऱ्यातली, जरा वाकलेली. परातीत भाकरी थापता थापता आई म्हणायची, "कामून इतकं जिवाला लावून घेऊन राहिले हे? गाडी चालती का न्हाई? मंग?" आणि मी हसायचे. नवी नवी डॉक्टर होते, काळजी करणाऱ्या माणसांचं मला हसू यायचं. तेव्हा तुमचं जे वय होतं ते आता माझं झालं आहे. घराबाहेर पडले की गॅस बंद केला का ते बघायला मी फाटकापासून परत येते, आणि परत येताना दर वेळी तुमची ती पाठ डोळ्यांसमोर येते.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. चाकूरजवळच्या ज्या आरोग्य केंद्रावर माझी पहिली नेमणूक झाली, तिथल्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून त्यावर नवं लिहिलं होतं, पण रंग पातळ पडला होता आणि दुपारच्या उन्हात खालचं नाव पुन्हा वर दिसायचं. पाऊस दुसऱ्या वर्षीही झाला नव्हता. केंद्राच्या मागे डॉक्टरांसाठी दोन खोल्या, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे नुसती भेगाळलेली काळी जमीन. माझं लग्न व्हायचं होतं. धर्माबादच्या शाळेतून विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त होऊन तुम्ही नांदेडला येऊन राहिला होतात. माझ्या नेमणुकीचं कळल्यावर महिन्याभरात तुम्ही एक जुनी, पांढरी, पोट सुटलेली मोटार दारात आणून उभी केलीत. गाडी चालवायला तुम्ही पन्नाशीनंतर शिकला होतात, तेही एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवता शिकवता, त्यांच्याच गाडीवर. सोमवारी सकाळी लोहा, अहमदपूर करत मला चाकूरला आणायचं, आठवडाभर त्या दोन खोल्यांत माझ्यासोबत राहायचं, शनिवारी परत नांदेड, असा तुमचा बेत ठरला. आईला तेच हवं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीचं इंजिन उतरवावं लागलं. नांदेडच्या मिस्त्रीनं गेअरबॉक्ससकट ते खाली काढलं, दुरुस्त करून परत बसवलं, आणि गाडी छान पळू लागली. पण तेव्हापासून दोन गोष्टी सुरू झाल्या. सेल्फ मारला की (तेव्हा डॅशबोर्डवरची चोकची गुंडी ओढून धरायचं काम माझं) इंजिन झोपेतून उठल्यासारखं, कण्हत फिरायचं. आणि वेगाचा काटा उडायला लागला. आधी नुसता थरथरायचा, मग चाळिसावरून एकदम ऐंशीवर जायचा, तिथं टकटक करायचा आणि विसावर येऊन पडायचा. पहिल्या दुखण्यासाठी तुम्ही बॅटरीवाल्याकडे गेलात आणि दुसऱ्यासाठी मीटरवाल्याकडे. मीही तसंच केलं असतं.

मीटरवाल्यानं केबल बदलली. गेअरबॉक्सपासून निघून डॅशबोर्डमागे मीटरला जाऊन मिळणारी ती लांब केबल, बाहेरून नळी आणि आत फिरणारी तार. काही दिवस काटा शहाण्यासारखा वागला आणि पुन्हा उडू लागला. मग लातूरच्या मीटरवाल्यानं सांगितलं की केबलला वळण जास्त पडतंय. तुम्ही वळण सैल केलंत. तो म्हणाला वंगण सुकलंय. तुम्ही वंगण घातलंत. मग मीटरच खराब असेल अशी शंका तुम्हाला आली आणि तुम्ही मला कामाला लावलंत. तुम्ही काटा एका जागी धरून गाडी चालवायची, मी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर नजर ठेवून घड्याळ बघायचं, आणि दोन दगडांमधल्या वेळेवरून खरा वेग काढायचा. काटा शांत असायचा तेव्हा हिशेब बरोबर जुळायचा. "म्हणजे मीटर चांगलं हाय," तुम्ही म्हणालात, "खोट केबलमधीच हाय. पण नव्याकोऱ्या केबलमधी खोट येती कुठून?" काढलेली केबल तुम्ही खोलीत वर्तमानपत्रावर पसरून बोटांनी चाचपत बसला होतात, मी रुग्णाचं पोट चाचपावं तसं. एका जागी वरचं काळं प्लास्टिक वितळून बसलं होतं. मिस्त्री म्हणाला, सायलेन्सरची धग लागली असेल. तुम्ही नवी केबल सायलेन्सरपासून लांब बांधलीत. तीही वितळली, आणि या वेळी डॅशबोर्डच्या मागे, जिथं सायलेन्सरचा काही संबंधच नव्हता.

"गुरुजी, काटे कू छोडो," मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाला होता. "आधे गाड्यां के काटे बंदच हैं. कोन देखता?"

"मी देखतो," तुम्ही म्हणालात.

त्या सोमवारी लोहा मागे पडल्यावर मी तुम्हाला विचारलंच, की एवढं काय आहे त्या काट्यात. तुम्ही वेग आणखी कमी केलात. मग म्हणालात, "माय," (लेकीला माय म्हणायची आपल्याकडची रीत, आता ती हाक मारणारं कुणी राहिलं नाही) "गावातून जाताना आपल्या गाडीखाली एखादी कोंबडी आली, तर ती नुसती कोंबडी राहत न्हाई. कोणाची गाडी, कोण चालवून राहिला होता, इथून सुरू होतं. तवा मला म्हणता आलं पाहिजे, मी तीसनं चाललो होतो. पाहून सांगता आलं पाहिजे. अंदाजे न्हाई." मी वसतिगृहांत वाढलेली. माझ्याही वाट्याला काही कमी आलं नव्हतं, पण उमरीकडच्या तुमच्या गावात तुमच्या लहानपणी जे होतं ते मी फक्त ऐकलेलं. मी म्हणाले, "बाबा, दिवस बदलले आता." तुम्ही म्हणालात, "बदलले म्हणूनच तर गाडी हाय." आणि काट्याकडे पाहिलंत. आपण जेमतेम तीसनं चाललो होतो आणि काटा साठ दाखवत होता.

खरं सांगायचं तर तुमच्या त्या काळजीचा मला जाच व्हायला लागला होता. मी रुग्ण तपासत असले की तुम्ही व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून असायचात. संध्याकाळी कुणी बोलवायला आलं की तुम्ही आधी चप्पल घालायचात आणि मग मला विचारायचात कुठं जायचंय. नर्सताई तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा जेवताना मी म्हणाले, "बाबा, तुम्ही नांदेडला जाऊन राहा. मी राहीन इथं."

"अन् अचानक कुठं जायचं झालं तर?"

"सरकारी जीप आहे ना."

वरणात भाकरी कुस्करत तुम्ही म्हणालात, "काटा नीट झाला की जातो."

त्यानंतर थोड्याच दिवसांतली ती दुपार. एका बाईला बैलगाडीतून आणलं. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणारी, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. मूल आडवं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आला होता. असं पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी प्रथमच पाहत होते. आमच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं, तिला लातूरला नेऊन पोट उघडायला हवं होतं, आणि लवकर, नाहीतर गर्भाची पिशवी फाटून तीही गेली असती. जीप टँकरच्या कामासाठी गेलेली. मी सलाइन लावलं आणि मागे वळले, तर तुम्ही दारात उभे. चप्पल घातलेली होती. "मागची सीट मोकळी केली हाय," एवढंच तुम्ही म्हणालात.

तिला मागच्या सीटवर आडवं घेतलं, डोकं सासूच्या मांडीवर. मी खाली, पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधल्या फटीत गुडघ्यांवर, एका हातात बाटली धरून. सेल्फ मारल्यावर इंजिन कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं आणि कसंबसं लागलं. आपण निघालो. आष्टामोडपर्यंत मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिची नाडी बघत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. तिच्या ओठांना पापुद्रे आले होते. सासू सारखी म्हणत होती, "बाई, वाचंल ना वो? पोरगी लई कष्टाची हाय हो माझी." सून म्हणाली नाही ती, पोरगी म्हणाली.

दिवस कलतो आहे. पुढे रस्त्यात एक टँकर आडवा थांबलेला आहे, जवळच्या वस्तीतली सगळी माणसं हंडे, डबे, पिपं घेऊन त्याच्याभोवती गोळा झालेली आहेत. तुम्ही हॉर्न वाजवता, माणसं बाजूला होत नाहीत, तुम्ही ब्रेक दाबता आणि गाडी बंद पडते. तुम्ही सेल्फ मारता. इंजिन अर्धा फेरा घेतं. पुन्हा मारता. "माय, पुढं ये, चोक ओढ," तुम्ही ओरडता, आणि मी बाटली सासूच्या हातात देऊन पुढच्या दारानं आत वाकते, दर वेळी करते तसं. चोकच्या गुंडीला हात लावते आणि चटका बसून मागे घेते. त्याच वेळी डॅशबोर्डच्या मागून धूर येतो. आधी वास, मग धूर, पांढरा, दाट. तुम्ही उडी मारून खाली उतरता, बॉनेट उघडता आणि पान्यानं बॅटरीची तार काढून टाकता. मागून सासू किंचाळते, "आग लागली का वो?" मी म्हणते नाही, काही नाही, तसंच बसा. माझा स्वतःचा आवाज मला परका वाटतो.

धूर थांबला. तुम्ही डॅशबोर्डखाली हात घातलात. मीटरची केबल हातभर लांबीत जळून गेली होती, आतली तार उघडी पडली होती. तुम्ही ती नुसती धरून उभे राहिलात. माझ्या मनात आलं, आता हे खाली बसतील आणि उठणार नाहीत. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "चोकची गुंडी केवढी तापलीय. बोट भाजलं माझं."

"चोकची?" तुम्ही वर पाहिलंत. "चोकमधी कुठं करंट असतो? आजच तापली का?"

"सेल्फ मारला की थोडी कोमट लागायची. मला वाटलं इंजिनामुळे."

"कधीपासून?"

मी आठवून पाहिलं. "इंजिन उतरवून आणलं तेव्हापासून."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं तुम्हाला चक्कर येते आहे. मग तुम्ही हळूहळू, वर्गात फळ्यापाशी बोलावं तसं बोलू लागलात. बॅटरीतून निघालेला करंट सेल्फमधून इंजिनात येतो. त्याला परत बॅटरीकडे जायला वाट लागते. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून इंजिनापासून गाडीच्या अंगाला एक जाड पट्टी जोडलेली असते, तीच त्याची परतीची वाट. "मिस्त्रीनं इंजिन बसवलं अन् पट्टी जोडायची राहिली असंल," तुम्ही म्हणालात. "मग एवढा मोठा करंट जाईल कुठून? जी मिळंल त्या वाटेनं. चोकच्या तारेतून. मीटरच्या केबलमधून. दर सेल्फला ती केबल आतून भाजत होती. म्हणून काटा उडत होता. म्हणून सेल्फ कण्हत होता. एकच दुखणं होतं हे."

तुम्ही बॅटरीची तार पुन्हा लावलीत, मोठा पाना इंजिनाला आणि गाडीच्या पत्र्याला एकदम टेकवून दाबून धरलात आणि मला सेल्फ मारायला सांगितलंत. मोठी ठिणगी उडाली. तुम्ही हात काढला नाहीत. आणि इंजिन असं गरकन फिरलं, जसं कित्येक महिन्यांत फिरलं नव्हतं. पण पाना धरून लातूरला जाता येणार नव्हतं. जाड तार हवी होती.

टँकरपाशी उभा असलेला एक शेतकरी केव्हाचा आपल्याकडे बघत होता. रस्त्याला लागूनच त्याचं शेत, शेतात विहीर. विहिरीला पाणी नव्हतं म्हणून त्यानं मोटरपंप वर ओढून काठावर आडवा टाकला होता, आणि त्याची काळी जाड केबल तिथंच वेटोळं करून पडली होती. तुम्ही ती पाहिलीत. तुम्ही बांधापर्यंत चालत गेलात, आणि विहीर चार हातांवर असताना थांबलात. मी गाडीपाशी उभी राहून बघत होते. कोरडी विहीर, आत टिपूस नाही, आणि माझे बाप, ज्यांनी दोन पिढ्यांना विज्ञान शिकवलं, तिच्यापासून लांब उभं राहून हाक मारत होते. "मालक, हातभर केबल पाहिजे होती. गाडीत बाई अडलेली हाय."

तो जवळ आला. "कोण गाव?"

तुम्ही गाव सांगितलंत.

"आडनाव?"

तुम्ही आडनाव सांगितलंत, जसंच्या तसं, जरा मोठ्यानं. टँकरच्या नळाचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आपल्याला आता इथं किती वेळ उभं करतील. मग तो गाडीकडे आला, खिडकीतून आत वाकून बघितलं, त्या बाईचा चेहरा पाहिला. परत विहिरीकडे गेला, कोयता घेतला आणि दगडावर ठेवून केबल तोडली. मागितली होती त्याहून लांब. "न्या. पाणीच न्हाई तर मोटर कशाला पाहिजे," तो म्हणाला. आणि तुम्ही गाडीखाली शिरलात तेव्हा तो गुडघ्यांवर बसून तुम्हाला पाना देत राहिला. त्यानं तसं का विचारलं आणि तरी का दिलं, यावर तुम्ही पुढे कधीच काही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही.

केबलच्या सगळ्या तारा एकत्र पिळून तुम्ही एक टोक गेअरबॉक्सच्या बोल्टला आणि दुसरं गाडीच्या सांगाड्याला आवळलंत. बाहेर आलात तेव्हा पांढरा सदरा पाठीवर काळा झालेला, केसांत माती. सेल्फ एका झटक्यात लागला. टँकरभोवतीच्या माणसांनी आपणहून वाट मोकळी केली. एका बाईनं तांब्या खिडकीतून आत दिला, सासूनं सुनेच्या ओठांना पाणी लावलं.

नंतरचा रस्ता मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मीटरचा काटा शून्यावर मेलेला. झाडं इतक्या वेगानं मागे जातात की मला बघवत नाही. एक गाव येतं, रस्त्याकडेला कोंबड्या, शेरडं, खेळणारी पोरं, आणि तुम्ही हॉर्नवरचा हात न काढता त्यातून जाता. तुम्ही समोर बघत विचारता, "किती असंल गं?" मी म्हणते, "चाळीस." थोड्या वेळानं पुन्हा विचारता, "किती असंल?" "चाळीसच आहे, बाबा. चालवा."

लातूरच्या सरकारी रुग्णालयात तिला थेट टेबलावर घेतलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला हात धुवून सोबत उभं राहू दिलं. पिशवी फाटायच्या बेताला आली होती, पण फाटली नव्हती. ती बाई वाचली. मूल मेलेलं निघालं. मुलगी होती.

बाहेर आले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून उकिडवे बसला होतात. हात तसेच काळे. रुग्णालयाच्या नळाला पाणी नव्हतं. मी सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "अर्धा तास गेला आपला त्या टँकरपाशी."

"त्यानं काही झालं नाही, बाबा. आपण निघालो तेव्हाच मूल गेलेलं होतं. मी पोटाला नळी लावून ऐकलं होतं, ठोके नव्हते."

"मला सांगितलं न्हाईस ते."

"सांगायला वेळ कुठं होता?"

तुम्ही मान हलवलीत. पटलं नव्हतं. तुमच्या डोक्यात तो अर्धा तास शिरून बसला होता, आणि त्याच्या मागचे सगळे दिवस. बॅटरीवाल्याकडे गेलो तेव्हाच दोन्ही दुखणी एकत्र मांडली असती तर? केबल दुसऱ्यांदा वितळली तेव्हाच सायलेन्सर सोडून दुसरा विचार केला असता तर? आठवीच्या पोरांना मी दर वर्षी शिकवत होतो, विजेला परतीची वाट लागते म्हणून, असं तुम्ही दोन-तीनदा म्हणालात, स्वतःशीच. त्या बाईची सासू आली आणि तुमच्या पायांना हात लावायला वाकली. तुम्ही घाबरून उभे राहिलात आणि तिचे हात धरलेत.

पुढच्या शनिवारी तुम्ही गाडी नांदेडला मिस्त्रीकडे घेऊन गेलात. मला वाटलं भांडण होईल. तुम्ही नुसती ती काळी पंपाची केबल दाखवलीत. तो गाडीखाली जाऊन आला आणि कितीतरी वेळ फडकं चुरगाळत उभा राहिला. "गलती हो गई, गुरुजी," तो म्हणाला. त्यानं नवी पट्टी जोडली, मीटरची नवी केबल घातली आणि काही घ्यायला तयार होईना. सोमवारी येताना काटा चाळिसावर असा स्थिर होता, जणू कुणी चिकटवून ठेवला आहे. तुम्ही सारा रस्ता त्याच्याकडे बघत होतात. मला वाटलं होतं तुम्हाला आनंद होईल. अहमदपूरला चहा प्यायला थांबलो तर तुम्ही बशीतला चहा तसाच निवू दिलात.

त्या आठवड्यात तुम्ही मला गाडी शिकवायला काढलंत. चाकूरच्या अलीकडे एक तलाव होता, दुष्काळात तो तळापर्यंत आटला होता आणि तळाचा गाळ वाळून पाटीसारखा कडक झाला होता. तिथं कुणाची कोंबडी नाही, कुणाचं पोर नाही. त्या भेगाळलेल्या तळावर मी गोल गोल गाडी फिरवायची आणि तुम्ही शेजारी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून बसायचात. क्लच सोडताना गाडी आचके द्यायची तेव्हा तुम्ही डोळे मिटायचात, पण एकदाही रागावला नाहीत. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी तुम्ही किल्ली टेबलावर ठेवलीत आणि पिशवी भरायला लागलात. काटा नीट झाला होता. तुम्ही शब्द पाळणारे होतात. आणि मला, जिला तुम्ही जायला हवे होतात, तुम्ही इतक्या लवकर निघावं असं वाटेना.

थांब्यापर्यंत मीच गाडी चालवली. एस.टी.त तुम्हाला खिडकीची जागा मिळाली. गाडी हलायच्या आधी तुम्ही गजांतून वाकून हळूच विचारलंत, "माय, खरंच ठोके नव्हते ना?"

"नव्हते, बाबा," मी म्हणाले.

तीन-चार वर्षांनी तुम्ही गेलात. शेवटच्या आजारात, नांदेडच्या घरी, मी सलाइनची सुई नीट करत असताना तुम्ही पुन्हा एकदा तेच विचारलंत, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं, डॉक्टरच्या खणखणीत आवाजात. तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला बरं वाटलं असावं असं मी धरून चालते.

हे तुम्हाला पाठवायचं असतं तर मी लिहिलं नसतं. त्या दुपारी मी तिच्या पोटाला नळी लावली तेव्हा व्हरांड्यात तिची माणसं मोठमोठ्यानं बोलत होती, बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती, ती स्वतः कण्हत होती, आणि माझं काळीज माझ्याच कानांत असं धडधडत होतं की दुसरं काही ऐकू येणं कठीण होतं. मी नळी काढली, जागा बदलून पुन्हा लावली. मला ठोके ऐकू आले नाहीत, बाबा. ते नव्हते, असं मला म्हणता येत नाही.